पट्ट्यांचं जनावर

सहादेव शिकारी आफ्रिकेहून परतला तो आपल्या घरी गेलाच नाही. नगरहून येणारी सर्व्हिस मोटार मिरजगावात थांबली तसा उतरला आणि थेट लेकीच्या सासरी जाऊन उभा राहिला. काखेत वळकटी, डोक्यावर मेजरसाहेबानं टाकून दिलेली हॅट, आणि अंगात तिकडचा ताप, तो अजून पुरता उतरला नव्हता.

उंबऱ्याला लागून विहीण बसली होती, गोजरबाई. हिला हसताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. एका म्हाताऱ्यानं पाहिलं होतं म्हणतात, पण तो लगेच वारला.

“या इवाई,” ती म्हणाली. “बसा. पानी प्या. आनि नख दावा.”

नख म्हणजे वाघाचं. त्याच्या लेकीची, बनूची, आधीची दोन लेकरं जगली नव्हती. दुसऱ्याच्या गळ्यात वाघनख होतं, पण ते बाजारातलं. मागाहून बैलाच्या शिंगाचं निघालं. म्हणून तिसरा झाला तेव्हा गोजरबाईनं सांगून टाकलं, की आता आईच्या बापानंच स्वतः जाऊन जनावराचं नख आणायचं. ते गळ्यात पडेतोवर पोर उंबऱ्याबाहेर निघणार नाही. पोर आता रांगायला लागलं होतं, आणि त्यानं अजून ऊन पाहिलं नव्हतं. कॅम्पातला मेजरसाहेब लढाई संपल्यावर आफ्रिकेला शिकारीला निघाला, तेव्हा बंदुका वाहायला सहादेव आपण होऊन गेला होता. एवढं मोठं रान, तिथं वाघ मावत नसतील, असं लेकीला सांगून.

सहादेवानं पाण्याचा तांब्या रिकामा केला.

“ऊन लई हुतं तिकडं, इहीनबाई. बंदूक खाली ठिवली तर आपसूक उडायची.”

“नख.”

“सांगतो की. आमचा मेजरसायेब गोळी झाडायचा, तर सिंव्ह पळायचा न्हाई. मागं वळून बघायचा, कुनाला लागली म्हनून.”

“मंजी सिंव्हाचं बी न्हाई?”

“सिंव्ह न्हाई, हत्ती न्हाई. एक गेंडा जवळ आला हुता, पर तो आमच्या मागं हुता, आनि आमी म्होरं.” सहादेवाला आता रंग चढला. “वाघापायी तर म्या काय न्हाई केलं. तिथल्या वाटाड्याला आपली भाषा येईना. मग मातीत बोटानं वाघ काढून दावला, पट्ट्यासकट. पट्टे बघून गडी खूश. चल म्हनला. बाभळीच्या काट्यातनं असं नेलं की पायाची चाळन झाली. रातीला पायातनं चांदनं दिसायचं.”

“मग?” गोजरबाईनं विचारलं. विचारल्यावर तिचा तिलाच राग आला असावा, कारण तिनं लगेच तोंड फिरवलं.

“मग एका टेकाडावर निजवून बोट दावलं. खाली बघतो तर पट्ट्याचं गाढव. एक न्हाई, कळपच्या कळप. चरतंय निवांत. आनि वाटाड्या माज्याकडं बघतोय, जनू म्हनतोय, घे किती पायजेत तितकी.”

दाराआड बनू उभी होती, पोराला कडेवर घेऊन. एरवी बापाच्या गोष्टीला ती हसून हसून खाली बसायची. आज हसली नाही.

“दादा,” ती आतूनच म्हणाली, “घावलं का न्हाई?”

सहादेव पुढचं काही सांगणार होता. तोंड उघडलेलंही होतं. ते त्यानं मिटलं, डोक्यावरची हॅट काढून मांडीवर ठेवली.

“तिकडं वाघच नसतो, बने. अख्ख्या मुलखात न्हाई. माघारी येताना बोटीवर कळलं. मेजरसायबाला पैल्यापास्नं ठावं हुतं. म्हनला, तू कवा इचारलंच न्हाईस.”

अंगणात उकरणाऱ्या कोंबडीला गोजरबाईनं हाकललं.

“मग मुंबईच्या बंदरावर घ्यायचं एक,” गोजरबाई हळूच म्हणाली. “आमाला काय कळनार हुतं?”

“टोपलीनं हुती. मूठभर उचलली बी.” सहादेवानं रिकामी मूठ उघडून पाहिली. “परत ठिवली. गावाला मी काय बी सांगीन, इहीनबाई. तुमाला बी सांगीन. लेकराच्या गळ्यात लबाडी बांधाया हात होईना.”

गोजरबाई बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघतात तशी. मग मान न वळवता म्हणाली, “बने, पोराला भायेर आन.”

बनू जागची हलली नाही. “पर आत्याबाई, नख—”

“तुजा बाप आज खरं बोलला. याच्यापरीस इपरीत आता काय व्हायचं ऱ्हायलंय? आन म्हनते ना.”

बनूनं एक पाय उंबऱ्यावर ठेवला, सासूकडं पाहिलं, आणि दुसरा बाहेर टाकला. पोराला आपल्या बापाच्या मांडीवर दिलं. उन्हाची तिरीप तोंडावर पडली तसं पोरानं डोळे मिचकावले, नाक आक्रसलं, आणि एक मोठी शिंक दिली.

तिघंही दचकली. मग सहादेवानं नातवाचं नाक आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं.

“अशीच,” तो म्हणाला, “अगदी अशीच शिंक तिकडं एका हत्तीला आली हुती. मेजरसायबाचा तंबू उडाला, तो शेजारच्या मुलखात जाऊन पडला. सायेब आत निजलेला.”

गोजरबाईनं पदर सावरला आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून पाय लांब पसरले.

“मग?” ती म्हणाली.