टाकीला कुलूप

“या, कुलूपवाले,” शेमी म्हणाला, पण जागचा उठला नाही. मांडीवर पसरलेलं फाटकं जाळं तो तसाच सांधत राहिला.

कॉनलनं टोपी काढली आणि दारातच उभा राहिला. घरात रॉकेलचा वास होता. मंद होता, पण होता. डिझेल कुठलं आणि रॉकेल कुठलं हे न कळायला म्हातारा कॉनल काही शहरातून आला नव्हता. शेमी किलीबेग्सच्या बंदरात बोटीच्या इंजिनावर कामाला. त्याच्या घरात वास यायचा तर डिझेलचा यावा. हा वास टाकीतला होता. कॉनलच्या टाकीतला.

टाकी वर उतारावर, त्याच्या घरामागं. तिच्यातल्या तेलावर भट्टी चाले आणि घर ऊबदार राही. एरवी हिवाळाभर पुरणारं तेल यंदा नाताळच्या आधीच तळाला गेलं. पुन्हा भरलं, तर तेही काठी घालून पाहावं तेव्हा खाली. दुरुस्तीवाला आला, त्यानं भट्टी उघडली, लावली आणि म्हणाला, “भट्टी ठणठणीत आहे. तेल दुसरंच कुणीतरी पितंय.” त्याच रविवारी चर्चमध्ये, प्रार्थनेत सलोख्यासाठी शेजाऱ्याचा हात हातात घेतात, ती वेळ आली. शेमीनं हात पुढं केला आणि त्याच्या धुतलेल्या स्वेटरमधून रॉकेलचा भपकारा कॉनलच्या नाकात शिरला. म्हाताऱ्यानं आपला हात खिशात घातला. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप लागलं. तरीही तेल उतरतच राहिलं. इंजिनं उघडणाऱ्याला कुलूप ते काय, असं कॉनल मनाशी म्हणत होता. आज तो ते तोंडावर म्हणायला आला होता.

“बस, कॉनल,” शेमीची आई सोर्खा म्हणाली. तिच्या खांद्यावर नात रडत होती. “आधी चहा. भांडण कुठं पळून जात नाही.”

“चहा नको मला.”

“या घरात बिनचहाचा अजून कुणी गेलेला नाही. तुझा बापही नाही, आणि तो तर माझ्या सासऱ्याला दगड घेऊन मारायला आला होता.”

शेमी हसला. कॉनल बसला. चहा घेतल्याशिवाय आल्या कामाचं बोलता येत नव्हतं. तेवढी रीत त्याला मोडवेना.

सोर्खानं एका हातानं किटली उचलली. पोरीच्या ओठांभोवती लाल चट्टे होते.

“काय झालंय हिला?”

“पोटात काही ठरत नाही. प्यायली की ओकते. डॉक्टरनं दुधाचा डबा बदलून दिला, मग परत बदलला. म्हणतो, दूध मानवत नाही.” तिनं कपात काळा चहा ओतला. “त्यात ह्याचे कपडे. सून म्हणते, तेलाचा वास पोरीला बाधतो. बिचारा आता थंडीत बाहेर पडवीत कपडे काढून आत येतो.”

“आणि किती धुतले तरी वास जातच नाही म्हणे,” शेमी म्हणाला. “मला तर काही येत नाही. माझं नाक इंजिनानं खाल्लं, आईचं मागच्या तापानं. कॉनलकाका, तुमचं नाक बरं आहे. गावभर सांगत फिरताय ना, कुणाच्या अंगाला कसला वास येतो ते?”

कॉनलनं कप तोंडाशी नेला आणि तिथंच धरून ठेवला.

वाफेला वास होता. चहावर एक पातळ तवंग तरंगत होता. खिडकीच्या उजेडात तो निळा झाला, मग जांभळा. त्यानं घोट घेतला. जिभेवर रॉकेल पसरलं.

“पाणी,” तो म्हणाला. “पाणी कुठलं हे?”

“कुठलं म्हणजे? विहिरीचं. दुसरं कुठलं असणार?”

विहीर कॉनलच्याच कुंपणाच्या भिंतीला लागून, उताराच्या खालच्या अंगाला होती. टाकीपासून भट्टीपर्यंत तांब्याची नळी अंगणाच्या काँक्रीटखालून गेली होती. त्या भिंतीलगतचं गवत शरदातच पिवळं पडून मेलं होतं. कॉनलनं ते पाहिलं होतं. पाऊस जास्त झाला म्हणून असेल, असं तो तेव्हा म्हणाला होता.

पोर आता किंचाळत होती. सोर्खानं बाटलीत दुधाची पावडर घातली, किटलीतलं निवलेलं पाणी ओतलं, निपल लावलं आणि बाटली जोरजोरात हलवली. “आलं, आलं गं राणी,” ती पुटपुटली. तिनं बाटलीचं तोंड पोरीच्या ओठांना लावलं.

कॉनल उठला. कप कलंडला, चहा टेबलावरून खाली ठिबकू लागला. त्यानं म्हातारीच्या हातातून बाटली हिसकावून घेतली.

“अरे, वेड लागलं का तुला?”

शेमीनं जाळं खाली टाकलं आणि पुढं आला. “काका, माझ्यावरचा राग माझ्यावर काढा. पोरीचं दूध द्या इकडं.”

कॉनलनं बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. बाटली कोमट होती.

“द्या म्हणतो ना. काय पाहिजे तुम्हाला? घर बघायचंय? बघा, पडवी बघा, पलंगाखाली बघा. सापडतं का तुमचं तेल.”

म्हातारा पोरीच्या उघड्या तोंडाकडं पाहत होता.

“सापडलं,” तो म्हणाला.