भारद्वाज दिसेपर्यंत

ऑपरेशनची दुसरी तारीखही चुकली, तेव्हा डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काका, तिसरी तारीख देतो. चौथी मात्र तुम्हाला वरूनच घ्यावी लागेल."

शरदचंद्रांनी बायकोकडे बोट दाखवलं. "मी तयारच आहे. माईला अजून भारद्वाज दिसलेला नाही."

बायपासच्या फायलीत हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं, ते डॉक्टरांना सुचेना.

माईंचं म्हणणं साधं होतं. मोठं काम ठरलं की घरातून निघेपर्यंत एकदा तरी भारद्वाज दिसायला हवा. मुलाच्या, यज्ञेशच्या, बारावीला दिसला होता. कात्रपचा हा तळमजल्यावरचा फ्लॅट घेताना दिसला होता. माईंचा भाऊ अपेंडिक्सच्या साध्या ऑपरेशनला गेला, तेव्हा दिसला नव्हता. भाऊ परत आला नाही. त्यानंतर या विषयावर माईंशी वाद घालायला कोणी गेलं नाही.

बदलापुरात भारद्वाजांची टंचाई नव्हती. मागच्या मोकळ्या प्लॉटातून रोज कूप-कूप ऐकू यायचं. माई हरखून म्हणायच्या, "अहो, ऐकलंत?"

"ऐकलं. पण दर्शन म्हणजे दर्शन." शरदचंद्र पेपरातून मान वर काढत नसत. "नियम तुझाच आहे. ऐकण्यावर भागत असेल तर मोबाइलवरही ऐकवतो."

नियमांच्या बाबतीत ते पक्के. मोरिवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून बागेतले पक्षी तपासू लागले. बाग म्हणजे भिंतीलगतची दहा फुटांची पट्टी. एक चाफा, एक शेवगा आणि जास्वंदीचं कुंपण. हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत रकाने आखलेले होते: वेळ, पक्षी, नग, शेरा. 'बुलबुल, नग २, शेरा: भांडण.' 'शिंजीर, नग १, शेरा: घाईत.' एवढं वाचून दाखवून ते वही मिटायचे. घरात ती दुसऱ्या कोणी कधी उघडली नव्हती. मालाची नोंदवही कोण वाचतं?

आजार कळल्यापासून त्यात टाळ्यांची भर पडली होती. सकाळी सव्वासहाला बागेत उभं राहून ते जोरजोरात टाळ्या वाजवायचे. रक्ताभिसरणाला चांगलं असतं म्हणे. वरच्या मजल्यावरच्या मालिनीबाई भांडायला खाली आल्या, हृदयाचं ऐकून परत गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःही वाजवू लागल्या.

माई उठायच्या सातला. त्याआधी त्यांचे गुडघे ऐकत नसत. मग चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायच्या. तोवर आवारात गाड्या आणि शाळेची पोरं सुरू झालेली असत. दिसायचे ते कावळे.

झाडलोटीला येणारी चंद्री बारवी रोडवरच्या पाड्यातली. "माई, आमच्या तं दारात नाचतो तो. तुमच्याकडंच का रुसलाय?" एकदा शेवग्याखाली तिला एक लांब, विटकरी पीस मिळालं. शरदचंद्रांनी ते उलटसुलट करून बघितलं.

"कोंबडीचं," ते म्हणाले आणि खिशात टाकलं.

"आनि कोंबडी हितं कोन पालतंय, साहेब?"

साहेब आत गेले होते.

पुण्याहून यज्ञेशचा फोन आला. "बाबा, दिसला म्हणून सांगून टाका ना तिला!"

"नापास मालावर मी आयुष्यात सही केलेली नाही."

मग त्यानं फोन माईंना द्यायला सांगितलं. "माई, तुझ्या त्या पक्ष्यापायी बाबा जातील. कळतंय का तुला?"

माईंना कळत होतं. मागून सुनेनं, सईनं, फोन घेऊन तेच मवाळपणे सांगितलं. ते जास्त लागलं.

तिसरी तारीख आली. गुरुवारी सकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं, शुक्रवारी ऑपरेशन. त्या गुरुवारी माई सहालाच उठल्या, गुडघ्यांना न विचारता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिल्या. शरदचंद्र चाफ्यापाशी उभे होते. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. टाळ्या वाजल्या नाहीत. आज हातात बळ नसेल, माईंना वाटलं. भिंतीवर एक दयाळ येऊन गेला. दोन साळुंक्या आल्या. भारद्वाज नाही.

चहा उतू गेला. माईंनी गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि चव्वेचाळीस वर्षांच्या संसारातलं पहिलं मोठं खोटं बोलल्या.

"अहो! दिसला!"

ते वळले. "कुठे?"

"तुमच्या मागेच. शेवग्याखाली. आत्ता गेला कुंपणातून."

शरदचंद्र शेवग्याकडे बघत राहिले. मग माईंकडे. इतका वेळ त्यांनी माईंकडे कधी बघितलं नसेल.

"नग किती?"

"एक."

"बरं." ते आत आले, टेबलाशी उभ्यानंच वहीत काहीतरी लिहिलं. "शर्ट कुठला घालू?"

शुक्रवारी त्यांना स्ट्रेचरवरून आत नेताना त्यांनी उशाखालची वही माईंच्या हातात दिली. "धर. पाच-सहा तास जातील. वाचत बस."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळेल. अक्षर चांगलं आहे माझं."

दार बंद झालं. माई बाकावर बसल्या. भारद्वाज दिसलेला नसताना त्यांनी आपल्या माणसाला आत पाठवलं होतं. भावाला पाठवलं तसंच. आणि हे जगात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून त्यांनी चष्मा लावला आणि वही उघडली. पान दोन महिन्यांपूर्वीचं निघालं.

'सकाळी ६.२०. भारद्वाज, नग १. शेरा: टाळ्या वाजवल्या. उडाला.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी, 'चाफ्याखाली बसून राहिला. जोरात वाजवल्या.' माई पानं उलटत गेल्या. 'पीस सापडलं. चंद्रीला संशय.' 'दोनदा हाकलला. छातीत दुखलं.' एकाही सकाळचा खाडा नव्हता.

शेवटची नोंद कालची होती.

'सकाळी ६.३५. भारद्वाज, नग ०. शेरा: माईला दिसला. जाऊन येतो.'