पायाले न भिणारे मासे

“पाय टाकला तर पळते का गा हा?”

चंपतरावांनी पुन्हा तेच विचारलं. मासेवाल्या पियुषच्या हातातली जाळी हवेतच राहिली. जरीपटक्याच्या बाजारात त्याच्याकडे नाना तऱ्हेचं गिऱ्हाईक येतं. कोणी रंग विचारतं, कोणी भाव. हे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“आजोबा, तुम्हाले शेवाळ खाणारा पाहिजे ना? मंग हा सकर घ्या. भिंत घासून काढते.”

“पळते का, ते सांग.”

“पळते. कोपऱ्यात दडून बसते. दिवसा तोंड नाही दाखवत.”

“मंग नको.”

बाजूला उभ्या उत्तराचा, त्यांच्या सुनेचा, पारा चढत होता. तिची पोरगी पायल आत्ताच डेंग्यूतून उठली होती. चेहरा अजून लिंबासारखा पिवळा. घरामागच्या त्या हिरव्या डबक्यानंच हे केलं, अशी उत्तराची खात्री. डबकं म्हणजे काय, गुडघाभर खोल खड्डा. वरच्या छपराचे पत्रे तिच्या लग्नाआधीच गेलेले. म्हाताऱ्यानं आतून सिमेंट लावून त्यात पाणी साठवलेलं. तो बुजवायला तिनं मलब्याची गाडी सांगून टाकली होती. तेव्हा सासरा सुनेपुढं हात जोडून उभा राहिला. “एकदा मासे टाकून पाहू वं. पाणी साफ नाही झालं तर बुजव.”

आणि आता इथं येऊन नखरे!

पियुष हसला. “मॉलमधी पाय बुडवून बसतात लोकं, मासे चावतात, तसं पाहिजे का आजोबा?”

“घ्या!” उत्तरा फाटकन बोलली. “पोरगी सलाईनवर होती, अन् यांले पायाची मालिश पाहिजे!”

दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. चंपतरावांनी बाही वर केली आणि काळ्या मॉली माशांच्या टाकीत बोट घातलं. मासे फुटले, पांगले, आणि लगेच माघारी आले. बोटाला तोंड लावून बघायला लागले. म्हाताऱ्यानं बोट बराच वेळ काढलंच नाही.

“हे दे. अन् डासाच्या अळ्या खाणारे ते गप्पी दे थोडे.”

ऑटोत मासे त्यांच्या मांडीवर होते. पन्नीत पाणी, पाण्यात काळे ठिपके. तांडापेठेच्या गल्लीत ऑटो वळला तसे ते म्हणाले, “पहिले इथं बाजूच्याचं बोलणं ऐकू नाही ये. घरोघरी माग. धोटा असा धावे सुतातून, इकडून तिकडं, तिकडून इकडं. खटखट, खटखट.”

उत्तरानं रस्त्याकडं बघितलं. तिचे वडील रेल्वेत. माग तिनं कधी पाहिलाच नव्हता. या घरचा तर लग्नाआधीच विकलेला. तिला वाटायचं, असेल शिलाई मशीनसारखं काहीतरी.

मासे पाण्यात पडले. रोज संध्याकाळी चंपतराव पँट दुमडून काठावर बसायचे, पाय आत सोडून. आधीही बसायचेच. नागपूरचं ऊन, पाय गार करत असतील, असं ती समजून होती. हिरव्या पाण्यात घोट्याखालचं काही दिसतही नव्हतं.

हळूहळू डास कमी झाले. शेवाळ जुन्या लुगड्यासारखं जागोजाग विरलं.

एका संध्याकाळी पायल मागून ओरडली, “आई, आबाचे पाय दिसून राहिले!”

उत्तरा फोन कानाला लावूनच बाहेर आली. मलबेवाला विचारत होता, उद्या गाडी आणू का म्हणून.

पाण्याचा तळ दिसत होता. चंपतराव डोळे मिटून बसले होते. पाय गार होत नव्हते. पाय काम करत होते. उजवा खाली, डावा वर. डावा खाली, उजवा वर. एका ठेक्यात. आणि हात हवेतली न दिसणारी दोरी ओढत होता.

“मामाजी, माग इथं होता?”

म्हातारा चोरी पकडल्यासारखा दचकला. “वर माग, तो चालवाले खड्ड्यात पाय. लाकडं विकली वं. खड्डा कोण घेते?”

“हॅलो, ताई? आणू ना गाडी?”

“नको,” उत्तरा म्हणाली आणि फोन बंद केला.

चंपतराव पाय बाहेर काढायला लागले.

“राहू द्या. चालू द्या तुमचं.”

त्यांनी तिच्याकडं बघितलं. मग उजवा पाय खाली गेला, डावा वर आला. मासे पळाले नाहीत. त्या दोन पायांमधून ते धोट्यासारखे जात राहिले, इकडून तिकडं, तिकडून इकडं.