नाव घेऊन बोल

"पुन्हा," आगाशे सर म्हणाले. "आणि या खेपेला 'बहुतेक' म्हणालीस तर चहा मिळणार नाही."

नसीमने खुर्चीत अंग सावरलं. "सहा जूनला मी लेखी कळवलं, की तीन नंबरच्या प्रेसची सुरक्षा जाळी नीट बसत नाही. हात आत असला तरी प्रेस खाली येतो. वीस जूनला परत कळवलं. अकरा जुलैला तिसऱ्यांदा. तिन्ही अर्जांवर अधिकाऱ्यांनी 'पुढील महिन्यात पाहू' असं लिहून सही केली. एकोणीस जुलैला प्रेसवर काम करताना शालूचा हात त्यात सापडला."

"कुठल्या अधिकाऱ्यांनी?"

नसीम खिडकीबाहेर बघू लागली. नाव ओठांपर्यंत आलं आणि तिथेच अडकलं.

"बघ," सर म्हणाले. "सगळं छान रचलंस आणि कळसच बसवला नाहीस. 'अधिकारी' म्हणजे कुणीच नाही. समितीला तेच हवंय."

मांजरीजवळच्या ज्या कारखान्यात नसीम लाइन सुपरवायझर होती, तिथे श्यामसुंदर आगाशे एकतीस वर्षं काढून आता निवृत्तीला टेकले होते. नव्या सुपरवायझरांना अहवाल लिहायला, मीटिंगमध्ये मुद्द्याचं बोलायला तेच शिकवत. नसीमही त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

तीन रविवारांपूर्वी ती कर्वेनगरहून स्कूटर दामटत त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटवर येऊन थडकली, तेव्हा तिने दारातूनच आवाज चढवला. "शालूची तीन बोटं गेली! वर तिच्याच निष्काळजीपणाने गेली म्हणून तिला कामावरून काढतायत. अर्ज फायलीतून गायब केलेत. आणि तुम्ही इथे पेपर वाचत बसलाय?"

सरांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "असं ओरडलीस तर चौकशी समिती दोन मिनिटांत तुला बाहेर काढेल. वर म्हणेल, बाई भडक डोक्याची आहे. बस. बोलायला शिकवतो."

तेव्हापासून दर रविवारी शिकवणी चालली होती. सरांच्या पत्नी सरोजिनीबाईंना ती मुळीच पसंत नव्हती. त्या चहाचे कप आदळतच ठेवत.

"कशाला हे, या वयात?" त्या आजही म्हणाल्या.

"या वयात नाही तर केव्हा?" सर म्हणाले.

सरोजिनीबाई आत गेल्या. नसीमने चहाला हात लावला नाही.

"सर, तो माणूस स्वतःहून कबूल करेल असं नाही वाटत तुम्हाला?"

"त्याच्यात तेवढी धमक असती, तर तुला इथे यावं लागलं असतं का?"

"वाईट माणूस नाही हो तो."

"नसेल." सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट नसलेल्या माणसांनीच शालूची बोटं घालवली. उद्या त्याची कीव करत बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीआधी प्लांट मॅनेजर हिंदुराव काळभोर यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा मागवला.

"नसीम, तू हुशार हायस. शालूनं घाई केली, एवढंच सांग. दिवाळीपर्यंत शिफ्ट इनचार्ज करतो तुला."

"तिने घाई केली नव्हती, साहेब."

"अर्ज तर कुठं सापडत नाहीत. तुझ्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार?"

"तेच बघायला निघालेय," नसीम म्हणाली आणि उठली.

बाहेर बाकावर शालू बसली होती. पट्टी बांधलेला हात तिने पदराखाली घेतला होता. "माझ्यापायी तुझी नोकरी घालवू नको गं," ती म्हणाली. "मला तर आत बोलवलंपण नाही. काय झालं, हे अजून कुणी मला विचारलंच नाही."

नसीमने शालूच्या खांद्यावर हात ठेवला. मग दार लोटून ती आत गेली.

समितीवर तिघं होते. मधल्या खुर्चीवर बाहेरून नेमलेल्या वकीलबाई होत्या. हिंदुराव त्यांच्या शेजारी बसले होते. भिंतीलगतच्या खुर्च्यांवर विभागप्रमुख बसले होते, त्यांत देखभाल विभागाचे आगाशे सरही होते.

नसीम बोलू लागली. आवाज चढवला नाही. तारीख सांगितली, वेळ सांगितली, प्रेसचा नंबर सांगितला. जाळीचे कुठले दोन बोल्ट झिजले होते तेही सांगितलं. शालूने त्या दिवशी काम थांबवून दोनदा प्रेस तपासायला सांगितलं होतं, आणि तिला "उत्पादन अडवू नका" असं उत्तर मिळालं होतं, हेही सांगितलं.

"ही तिची मैत्रीण हाय, मॅडम," हिंदुराव मध्येच म्हणाले. "ती तिची बाजू घेणारच."

"हो, मैत्रीण आहे," नसीम म्हणाली. "म्हणूनच तारखा पाठ आहेत. ज्यांची ती कुणी नव्हती, ते विसरले."

वकीलबाईंचं पेन थांबलं. त्यांनी हिंदुरावांकडे पाहिलं. हिंदुराव समोरचे कागद चाळू लागले.

"अर्ज फायलीत नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमचं सांगणं खोटं ठरलं, तर नोकरी तुमची जाईल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग सांगा. तिन्ही अर्जांवर 'पुढील महिन्यात पाहू' असं लिहून सही कुणी केली?"

नसीम वळली. भिंतीलगत बसलेल्या माणसाकडे तिने सरळ पाहिलं. त्याने मान किंचित हलवली, 'बोल' म्हटल्यासारखी.

"श्यामसुंदर आगाशे," ती म्हणाली.