केरमानचा कारकून

“हे अहवाल कॉन्सुल स्वतः लिहायचा, की त्याचा कारकून?” शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने विचारलं.

कौमुदीने पाण्याचा घोट घेतला. डार्मश्टाटच्या विद्यापीठात आपल्या पीएचडीवर ती पहिल्यांदाच जाहीरपणे बोलत होती. इराणमधल्या केरमान प्रांतातून ब्रिटिश वकिलातीने १९३०च्या आसपास पाठवलेले साप्ताहिक अहवाल, हा तिचा विषय. पाऊसपाणी, गालिच्यांचा व्यापार, गव्हर्नरची भांडणं, कोण पळाला, कोण पकडला गेला.

“सही कॉन्सुलची असायची,” ती म्हणाली. “मजकूर बहुतेक वेळा भारतीय कारकुनाचा.”

“म्हणजे कर्णिकचा.” म्हाताऱ्याचं जर्मन संथ होतं. त्याची नजर दारावरच्या पोस्टरकडे गेली. “तुमचंही नाव तेच आहे.”

“आमच्याकडे हे आडनाव पुष्कळांचं असतं,” कौमुदी म्हणाली आणि पुढचा प्रश्न घेतला.

तिचा आवाज बदलला नव्हता. पण कारकुनाचं नाव तिने तासाभरात एकदाही घेतलं नव्हतं.

यशवंत गोविंद कर्णिक तिचे पणजोबा होते. ते इराणात नोकरीला होते एवढंच घरी ठाऊक होतं. बाकीचं तिला लंडनच्या कागदपत्रांत सापडलं. जानेवारी १९३१चा अहवाल तिने गाइडलाही दाखवला नव्हता. हबीब नक्काश, वय तेवीस, अविवाहित, गालिच्यांची नक्षी काढणारा. त्याने विणकरांना गव्हर्नरविरुद्ध उठवलं होतं आणि सगळा प्रांत त्याला शोधत होता. ‘कारकून कर्णिक याने दिलेल्या खबरीवरून शिपाई डोंगरात गेले. हबीब बर्फात मेलेला आढळला. कर्णिक याने प्रेत ओळखले.’ पुढच्या आठवड्यात एकच ओळ: शोध थांबवला आहे.

संध्याकाळी तिने ठाण्याला फोन लावला.

“बाबा, पणजोबा इराणहून परत का आले?”

“नोकरी सोडून आले अचानक. बत्तीस साली वगैरे. तुझी आजी सांगायची, दारावर थाप पडली की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. म्हातारपणीसुद्धा. का गं?”

“सहजच.”

गुरुवारी विभागातल्या तिच्या टपालाच्या खणात एक पाकीट होतं. त्यावर तिकीट नव्हतं. म्हणजे कोणीतरी स्वतः येऊन ठेवलं होतं. आत थरथरत्या अक्षरात जर्मनमध्ये तीन ओळी:

‘मला यशवंत कर्णिक यांच्याविषयी बोलायचं आहे. आमच्या घरात हे नाव ऐंशी वर्षांत कोणी विसरलेलं नाही. नक्काश.’

तिने पत्र घडी करून पुन्हा उलगडलं. हबीबला बायकोमुलं नव्हती. म्हणजे तो म्हातारा त्याच्या भावाचा मुलगा असेल, नाहीतर चुलतभाऊ. ऐंशी वर्षं कोणी विसरलेलं नाही.

राजस, तिचा नवरा, एश्बॉर्नच्या ऑफिसात होता. तिने फोनवर त्याला पत्र वाचून दाखवलं. मग पहिल्यांदाच त्या अहवालाबद्दलही सांगितलं.

“पोलिसांकडे जा,” तो म्हणाला.

“काय सांगू? पत्रात धमकी कुठेय?”

“गेनाऊ, तेच तर. धमकी नाहीये, म्हणूनच मला ते आवडत नाहीये. आणि तू कशाला घाबरतेस? तू काय केलंस?”

“पणजोबांनी केलंय ना. आणि मी ते लपवलं.”

शुक्रवारी दुपारी लुईझेनप्लात्झवर ट्रामची वाट बघताना तिला तो म्हातारा दिसला. काठीवर हात टेकून बाकावर बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन धिप्पाड तरुण उभे होते. त्यातल्या एकाने तिच्याकडे बोट दाखवलं. कौमुदी आलेल्या ट्राममध्ये चढली, कुठली ते न बघता. तीन स्टॉप पुढे उतरून ती लांबच्या रस्त्याने चालत घरी आली. सारखं मागे वळून बघत होती. घरी आल्यावर तिच्या लक्षात आलं, छत्री ट्राममध्येच राहिली होती.

शनिवारी सकाळी राजस भाजी आणायला खाली गेला आणि दहा मिनिटांत बेल वाजली. किल्ली विसरला असेल असं वाटून तिने खालचं दार उघडण्याचं बटण दाबलं. मग जिन्यात काठीचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, पुढची पायरी. तीन मजले.

तिने आतून साखळी लावली आणि मोबाइलवर पोलिसांचा नंबर, एकशे दहा, दाबून ठेवला. फक्त हिरवं बटण राहिलं होतं.

दाराच्या फटीतून तो दिसला. ओठ निळसर पडले होते, धाप लागली होती. मागे ते दोघे.

“माफ करा. पत्ता टेलिफोनच्या यादीत मिळाला, घंटीवर तुमचं नाव होतं,” तो म्हणाला. “मला एकच विचारायचंय. तुम्ही त्याच घरातल्या ना?”

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. एकदा म्हणून झालंच होतं. दार लावलं असतं तर तो उतरून गेलाही असता, कदाचित. तिचा अंगठा हिरव्या बटणावर होता.

“हो,” कौमुदी म्हणाली. “ते माझे पणजोबा. मी खोटं बोलले तुमच्याशी. एकतीस साली हबीबची खबर त्यांनीच दिली, प्रेतही त्यांनीच ओळखलं. तो कागद माझ्याकडे आहे. तुमच्या घरातल्यांना जे म्हणायचं असेल ते मला म्हणा.”

तिने साखळी काढली.

म्हाताऱ्याने काठी एका तरुणाकडे दिली. दोन्ही हातांत तिचा हात धरला आणि वाकून आपल्या कपाळाला लावला. तिला हात सोडवून घेता येईना.

“हबीब नक्काश माझे वडील,” तो म्हणाला. “माझा जन्म एकोणीसशे छत्तीसचा.”