दहा मिनिटांची खेळाडू

मोबाइल शाईच्या डब्याला टेकवून उभा केला होता. त्यात कोलकात्याचं मैदान दिसत होतं, हिरवंगार, तळहाताएवढं. स्पंदनाचा संघ राष्ट्रीय करंडकाचा अंतिम सामना खेळत होता, आणि स्पंदना म्हैसूरला, बेळगोळच्या रस्त्यावरच्या छपाईच्या शेडमध्ये, कुठल्याशा शाळेचे पिवळे टी-शर्ट वाळत घालत होती.

"तुझीच टीम ना गं ही?" घड्या घालणाऱ्या वरलक्ष्मीनं विचारलं. "मग तू इथं काय करतेस?"

"दिसत नाही? कपडे वाळत घालते."

शेडचे मालक तुकोजीराव मान खाली घालून चौकटीवर रबराची पट्टी ओढत राहिले. त्यांच्या बापजाद्यांनी लुगडी रंगवली, ते टी-शर्ट छापतात. सकाळी गल्लीतल्या पोरींना फुटबॉल शिकवतात. स्पंदनाला चेंडू पहिल्यांदा दिला तो त्यांनीच. आज ती घरी बसली होती, तेही त्यांच्याचमुळे.

तसा गुन्हा कुणाचाच नव्हता. करंडकाच्या पहिल्याच फेरीत तुकोजीरावांच्या पोरी बेंगळूरच्या मोठ्या क्लबपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी सात गोल खाल्ले. स्पंदना तापातून उठलेली, म्हणून बाहेर बसली होती. दहा मिनिटं उरली असताना एकीचा गुडघा फुटला. तुकोजीराव म्हणाले, "जा मगू, जा पोरी, दहाजणी बऱ्या दिसत नाहीत." ती गेली. दोनदा त्यांच्या बॅकला चकवून आत घुसली, एकदा चेंडू खांबावर आदळला. त्याच क्लबनं महिन्याभरात तिला आपल्याकडं घेतलं.

आणि नियम असा, की एका हंगामात या करंडकात एकीनं एकाच संघाकडून खेळायचं. दहा मिनिटं खेळली काय आणि दहा सामने खेळली काय. ज्या संघाकडून तिला खेळता आलं असतं, तो पहिल्याच दिवशी बाद. ज्या संघानं तिला घेतलं, तो एकेकाला लोळवत अंतिम सामन्यात, आणि तिला त्यांच्या बाकावरसुद्धा जागा नाही. उगाच तिकिटाचा खर्च कशाला, म्हणून क्लबनं तिला सुट्टी देऊन घरी पाठवलं. नियम वाकडा असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या. नियम सरळ होता. जळत होतं ते त्यानंच.

मोबाइलमध्ये उजव्या बाजूनं चैत्राली धावत होती. ती जागा स्पंदनाची. लीगच्या सामन्यांना हा नियम नाही; त्यांत तिथं स्पंदना खेळते आणि चैत्राली बाकावर बसून नखं कुरतडते. आता अजून शून्य-शून्य होतं. चैत्राली एकटी आत शिरली, पुढं फक्त गोलकीपर, तीही घसरलेली. अख्खा गोल मोकळा. चैत्रालीनं चेंडू पार प्रेक्षकांत मारला.

स्पंदनाच्या तोंडून काहीतरी निसटलं.

"हसलीस," तुकोजीराव म्हणाले.

"नाही काका."

"हसलीस. मी बघितलं."

"हसले! मग?" हातातला टी-शर्ट तिनं दोरीवर भिरकावला. "टीम जिंकू दे, पण हिच्या पायानं नको. डोंगर चढून चामुंडीपुढं उभी राहून मागितलंय मी हे. बोला आता काय बोलायचं ते."

"देवीपुढं असलं मागतात होय गं?" वरलक्ष्मीनं जीभ चावली.

"मग कुणापुढं मागू? तुझ्यापुढं?"

तुकोजीरावांनी चौकटीत शाई ओतली. जास्तच पडली. शाळेच्या नावाचा निळा चिखल झाला. ते त्याकडं बघत राहिले.

"तुला त्या दिवशी उतरवायलाच नको होतं मी," ते म्हणाले.

"नसतं उतरवलं तर त्यांनी मला बघितलं कसं असतं? आज मी इथंच राहिले असते."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. तुकोजीरावांनी मान वर करून शेडभर नजर फिरवली. दोरीवरचे टी-शर्ट, खरखरणारा पंखा, मध्ये ती.

"होगली बिडू," ते म्हणाले. "जाऊ दे. पुढच्या हंगामात खेळशील."

"पुढच्या हंगामात ते फायनलला येतील, हे तुम्ही लिहून देता काय? आणि आले तर तेव्हा मी त्यांना हवी असेन, हे?"

तुकोजीरावांनी फडक्यानं निळा चिखल पुसून काढला. तिघंही मोबाइलकडं बघत बसली.

वेळ संपत आली तेव्हा चैत्राली आडवी पडली. पोटरी धरून, तोंड गवतात खुपसून. डॉक्टर धावत गेला, तिचा पाय उचलून बघितला, आणि बाकाकडं हात हलवून नाही म्हणाला. कोच उठली. मागं वळून तिनं बाकावरच्या पोरींकडं बघितलं. उजव्या बाजूनं धावणारी त्यांत कुणी नव्हती. कोच तरी बघतच राहिली, जणू कुणीतरी यायची राहिली आहे. तिच्याबरोबर कॅमेराही एकेका तोंडावरून सावकाश सरकत गेला.

"अय्यो," वरलक्ष्मी म्हणाली.

स्पंदनाच्या चपला दोरीखाली राहिल्या होत्या. ओढणी कमरेला करकचून बांधून ती मोबाइलपुढं उभी होती, आणि बाकावरून मैदानात उतरण्याआधी करतात तसा जागच्या जागी एकेक गुडघा छातीपर्यंत उचलत होती.

"अगं, कुठं निघालीस?" वरलक्ष्मीनं विचारलं.