डावीकडचा फ्लॅश

उद्या सकाळी तिचं फोटोग्राफर म्हणून पहिलंच काम होतं आणि नवा फ्लॅश काही केल्या पेटत नव्हता. तो स्टँडवर कॅमेऱ्यापासून लांब लावून, सरावासाठी समोरच्या खुर्चीत तिनं वडिलांना बसवलं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशनची पट्टी निघून पाच आठवडे झाले, तरी अण्णांपुढचा अंधार हटला नव्हता. सहाव्या आठवड्यापर्यंत उजेड जाणवला नाही तर आशा सोडा, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

“माझ्यासारखा मॉडेल शोधून सापडायचा नाही,” अण्णा म्हणाले. “कितीही लखलखाट कर, पापणी लवणार नाही.”

ती हसली नाही. खटका दाबला की अण्णा आवाजाच्या रोखानं तिच्याकडे तोंड करायचे आणि फोटो काळाकुट्ट यायचा.

आई अण्णांना चहाला आत घेऊन गेली, तेवढ्यात तिनं वैतागून स्टँड पार डावीकडे खिडकीपाशी नेला. पुस्तिका तिसऱ्यांदा चाळली, तेव्हा कुठे चूक सापडली. फ्लॅशला लांबून इशारा देणारा कॅमेऱ्यावरचा ट्रिगर एक नंबरच्या चॅनलवर होता आणि फ्लॅश तीनवर. तिनं ट्रिगरही तीनवर आणला.

अण्णा परत येऊन बसले. तिनं खटका दाबला. आवाज कॅमेऱ्याचाच झाला, पण खोली लख्ख उजळली. दुसऱ्या फोटोसाठी तिनं कॅमेरा डोळ्याला लावला, तर समोर अण्णांचा नुसता कान.

“अण्णा, इकडे बघा ना! तिकडे खिडकीशी काय...”

तिनं कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.



स्टँड तिकडे नेल्याचं तिनं अण्णांना सांगितलंच नव्हतं.